घरात वाजवायचा अँप

माज्या पोराला घरात बसून गिटार वाजवायला अँप घ्यायचा व्हता, म्हणून आमी दोघं मुरुडवरनं एसटीनं पनवेलला गेलो. अँप म्हणजे गिटारीची वायर ज्यात घालतात तो बॉक्स. त्याच्यातनंच आवाज येतो. वायरीची गिटार नुसती वाजवली तर कोणीतरी डबा खाजवतंय असं वाटतं, शेजारी बसलेल्याला पण धड ऐकू येत न्हाय.

पोर म्हणजे लहान न्हाय. चाळिशी कंदीच उलटली. आपल्याला ते पोरच.

आमी कोळी. त्याचा बाप दुसऱ्याच्या होडीवर खलाशी व्हता, गेला त्यालाही बरीच वरसं झाली. पोराला मातर पाणी सोसलं न्हाय. होडी खाडीच्या तोंडाबाहेर गेली की याची वांती सुरू. पोटात काय राहायचं न्हाय. लोक हसायची, याला टोपलीत घालून न्या, म्हावऱ्यासंगं पडून राहील बोलायची. तो पण हसायचा, पण मंग होडीवर गेलाच न्हाय. कोणाची तरी गिटार हातात आली आणि ती सुटली न्हाय. बेंजो पार्टीत लागला.

आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी हळद असते. हळदीला बेंजो पार्टी पायजेच. टेंपोत बॉक्स रचायचे, एक बेंजोवाला, एक कीबोर्डवाला, ढोलवाले, आणि एक गिटारवाला. नवरा कोण, नवरी कोण ते मागनं, आधी इचारतात पार्टी कुठली आणली. आणि आवाज असा पायजे की छातीत धडधडलं पायजे. नुसतं गोड वाजलं तर बायका बोलतात, आजारी हाय काय पार्टी.

गिटारवाल्याची जागा टेंपोच्या मागच्या कोपऱ्यात. डाव्या कानाशी सगळ्यात मोठा बॉक्स. तिथं उभं राहून त्यानं आख्खी जवानी काढली. ढोलाच्या वर गिटार ऐकू यायची तर आवाज बारीक करावा लागतो, सुईसारखा. त्याला ते ट्रेबल बोलतात. ते बटन पुरं फिरवायचं. मंग गिटार ढोलातनं टोचून बाहेर येते. आमच्याकडं तोच चांगला आवाज. क्लिअर हाय बोलतात. मी पण तेच बोलायचे. दुसरा आवाज ऐकला कुणी व्हता?

त्याला ऐकू येईना झालं ते आमाला आधी कळलंच न्हाय. हाक मारली तर बघायचा न्हाय. सून बोलायची, साहेब झालेत तुमचे, दोन हाकांशिवाय उत्तर न्हाय. तिची सवयच तशी, तोंडावर बोलायची. मंग कुकर गॅसवर ठेवून ती नळावर जायची, शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायच्या, आणि हा शेजारी बसून मोबाईल बघायचा. भात करपला तेव्हा ती रागावली, आणि मंग तिनं त्याच्या मागनं टाळी वाजवून बघितली. मला पण तवाच समजलं.

हळदीत पण झालं. रेवदंड्याकडची हळद व्हती. पार्टीनं गाणं बदललं, याला कळलंच न्हाय, हा जुनंच वाजवत राहिला. टेंपोपुढं नाचणारी पोरं थांबली, हसायला लागली. कोणीतरी मोबाईलवर काढलं ते, गावोगाव फिरलं. पार्टीचा मालक घरी आला, चहा प्याला, आणि बोलला की काय दिवस आराम करू दे. असे दिवस कंदी संपत न्हायत, हे मला ठाऊक व्हतं. मी त्याला डबल चहा विचारला. तो न्हाय बोलला.

डाक्टरनं कानात नळी घालून बघितलं, बंद खोलीत बसवून आवाज ऐकवले. मंग मला बाहेर बोलला, आजी, मोठ्या आवाजानं कानाची आतली नस गेली, ती परत येत न्हाय. आधी बारीक आवाज जातात, मंग जाडे. कुकर ऐकू येईल, शिट्टी न्हाय. आणि जे राहिलंय ते पण हळूहळू जाणार, कंदी ते सांगता येत न्हाय. कानात घालायचं मशीन दिलं. ते घातलं की भांडी पडल्यासारखं वाटतं असं पोरगा बोलला, आणि गिटार वाजवली की मशीन शिट्टी मारतं. ते मशीन देवाच्या फोटोमागं ठेवलंय.

डाक्टरकडनं परत येताना एसटीत मी खिडकीशी बसले व्हते. माजी सत्तरी गेली, पण बाजारात लांबच्या टोकाला कोण काय भाव सांगतंय ते मला अजून ऐकू येतं. माजे कान काय कामाचे? मी काय वाजवणार हाय?

मंग उरणकडनं एकाचा निरोप आला. तो कोळीगीतं करून मोबाईलवर टाकतो. पोराचा हात त्याला ठाऊक व्हता. तो बोलला, दादा, हळदीत उभं राहू नको, घरात बसून गिटार रेकॉर्ड कर आणि मला पाठव, मी गाण्यात घालतो, त्याचे काय ते पैसे देईन. पोराचा चेहरा किती दिवसांनी जरा उघडला. जवर कान हाय तवर हे एवढं तरी हातात राहील, असं तो बोलला. मला पण तसंच वाटलं. पण त्याला घरात वाजवायचा, रेकॉर्डिंगला चालणारा अँप पायजे. पार्टीचे बॉक्स पार्टीचे, त्याचं सवताचं काय नव्हतं, गिटार सोडून.

सून समुद्राकडच्या लॉजमधे सैपाकाला जाते, तिला सुट्टी न्हाय. म्हणून मी गेले. दुकानदार बोलेल ते मी याच्या उजव्या कानात सांगायचं, असं ठरलं.

दुकान मोठं व्हतं, भिंतीवर गिटारी टांगलेल्या. दुकानदार भला माणूस. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. काय बजेट, कुठं वाजवणार, खोली केवढी, सगळं इचारलं. मी सांगितलं, खोली एक, वर पत्रा, शेजारी भिंतीला भिंत. तो बोलला, मंग मोठा नको मावशी, मोठा अँप हळू आवाजात ठेवला तर तो मजा देत न्हाय, आणि मोठ्यानं लावाल तर पोलीस येतील. आवाज किती मोठा होतो ते बघू नका, हळू ठेवल्यावर कसा वाजतो ते बघा. हे मला पटलं. मी ते पोराच्या कानात सांगितलं. त्यानं मान हलवली, पण डोळे मोठ्या बॉक्सवरच व्हते.

दुकानदारानं दोन अँप काढले, दोन्ही आमच्या आवाक्यातले, दोन्ही म्हावऱ्याच्या लहान पाटीएवढे. पहिला घरासाठी आणि रेकॉर्डिंगसाठी चांगला बोलला. त्याला मागं भोक, त्यातनं वायर काढून मोबाईलला लावायची, म्हणजे बाहेरचा कावळा रेकॉर्डिंगमधे येत न्हाय. दुसऱ्याला पण ते भोक व्हतं, पण त्याचा आवाज जरा कडक, तो बाहेर वाजवणाऱ्यांना आवडतो बोलला.

पोरानं पहिल्यात वायर घातली. वाजवलं. मला बरं वाटलं, ताकात साखर घातल्यासारखं काहीतरी. पण त्याचं तोंड उतरलं. पाण्याखालनं बोलतोय हा, बोलला. दुसऱ्यात घातली, ट्रेबल पुरा फिरवला, आणि त्याचं तोंड असं झालं, जसं लहानपणी जत्रेत व्हायचं.

"आये, हा. हा क्लिअर हाय."

मला तो टोचला. पण हळदीत असाच तर टोचतो. मला वाटलं, बरोबर, हीच गिटार. दुकानदार हळूच बोलला, मावशी, मंडपात ठीक, रेकॉर्डिंगला हा कानात जाईल. मी ते पोराला सांगितलं. तो दुकानदाराकडं बघून हसला.

"शेट, टेंपोवर म्हातारा झालो मी. मला आवाज शिकवता?"

दुकानदार पण हसला. तुमचा हात, तुमचा कान, बोलला, आणि खोक्यात बांधून दिला. त्याला काय ठाऊक. मी कानात बोलत व्हते, त्याला वाटलं असेल दुकानात गडबड हाय म्हणून.

घरी आलो. अँप ठेवायला जागा केली. पहिल्या दिवशी वाजवलं तर फळीवरच्या डब्यांची झाकणं संगं वाजायला लागली. मी सगळे डबे खाली काढले. पत्रा वाजू नये म्हणून वर दोरी ताणून गोधडी बांधली. दुपारची येळ ठरवली, कोळीवाडा निजतो तेव्हाची. भिंतीपलीकडची बाई नळावर मला बोलली, हळद एक दिवस असते ग, तुमच्याकडं रोजच झाली. मी हसले. तिचं चुकलं नव्हतं, त्या आवाजात कोण निजेल.

पोरानं एक तुकडा रेकॉर्ड करून पाठवला. उरणवाल्याचा निरोप आला तो बोललेला, लिहिलेला नव्हता. याला तो ऐकू येईना. मोबाईल कानाला लावला, परत लावला, आणि सुनेकडं दिला. तिनं आणि मी ऐकला. तो बोलत व्हता की दादाचा हात अजून तसाच हाय, तसा हात आता कुणाचा न्हाय, पण आवाज टोचतो, कानात काच गेल्यासारखा, ट्रेबल कमी करून परत पाठवा.

सुनेनं त्याच्यासमोर उभं राहून, ओठ दिसतील असं, सगळं सांगितलं. आधीचं चांगलं जरा जास्त सांगितलं.

त्याला वाईट वाटलं न्हाय. ट्रेबल कमी करणं काय, बटन फिरवायचं. दुसऱ्या दुपारी मला समोर बसवलं. बोलला, आये, तू ऐक. तुला बरं वाटलं की हात वर कर. मी बोलले, मला काय कळतं गाण्यातलं? तो बोलला, म्हावरं विकताना गिऱ्हाईक कुठं बघतंय ते कळतं ना, तसंच हाय. तसंच काय नव्हतं, पण मी बसले.

तो एका हातानं नुसत्या तारा छेडायचा, दुसऱ्या हातानं बटन फिरवायचा. आवाज टोचायचा कमी झाला. आणखी कमी झाला. मंग एका जागी आला आणि तुमाला सांगते, एवढी वरसं पोराची गिटार ऐकली, पण अशी मी ऐकली नव्हती. गरम वाटत व्हतं. आपलं माणूस शेजारी बसून बोलतंय, तसं. मी हात वर केला.

तो वाजवायला लागला आणि थांबला. अँपकडं बघितलं. वायर काढून परत घातली.

"बंद पडला काय?"

"न्हाय रे. वाजतोय."

"मला काय येत न्हाय, आये."

मी त्याच्या उजव्या कानाशी गेले आणि बोलले, चांगला वाजतोय बाबा, लय चांगला वाजतोय. त्यानं अँपवर हात ठेवून बघितला. बाहेर कोणीतरी बर्फ फोडत व्हतं.

मंग मला सगळं कळलं. मला बरा लागला की त्याला ऐकू येत न्हाय. त्याला ऐकू आला की दुसऱ्याला सोसवत न्हाय. मधे जागाच न्हाय. दुकानातला पहिला अँप घेतला असता तरी हेच. कुठला पण घेतला असता तरी हेच. त्या दोन अँपातनं आमी निवडत व्हतो, आणि निवडायला काय नव्हतंच.

सुनेनं कानावर लावायचे मोठे हेडफोन आणले. त्यानं ते लावून आवाज एवढा वाढवला की खोलीच्या दुसऱ्या टोकाला भाकऱ्या थापताना मला गाणं ऐकू येत व्हतं. डाक्टरनं नेमकं तेच करू नको सांगितलेलं. सुनेनं ते काढून घेतले, लॉजमधे नेऊन ठेवले. दोघांचं भांडण झालं. ती बोलली, जे राहिलंय ते पण घालवायचंय काय? तो बोलला, ठेवून काय करू? तुजी बोलणी ऐकू? ती हसली आणि रडली.

तरी त्यानं सोडलं न्हाय. हे मी त्याच्यासाठी सांगते. बटन माज्या जागी ठेवलं, तिथं नेलपॉलिशचा ठिपका दिला. अँपवर गुडघा टेकवून बसायचा. जाड्या तारा गुडघ्यात कळतात बोलायचा, बारीक न्हाय. तार सुरात लावायला मोबाईलवर दिवे येतात, हिरवा झाला की बरोबर, ते जमत व्हतं. पण आमच्या गाण्यात बारीक तार बोटानं ओढतात, सूर वर नेतात, जसा नाखवा होडीवरनं लांबनं हाक मारतो तसा. तो कुठवर न्यायचा हे कुठला दिवा सांगत न्हाय. ते कानच सांगतो.

तो ओढायचा आणि सूर जरा खाली राहायचा. थोडासाच. मी मान हलवायचे. परत ओढायचा, मंग वर निघून जायचा. मी परत मान हलवायचे. अख्खी दुपार. त्याच्या बोटाची सालं निघाली. मी बोलले, आता झालं. झालं म्हणजे काय, बरोबर झालं? इचारलं त्यानं. मी बोलले, व्हय.

झालं नव्हतं. पण त्याचं बोट बघवत नव्हतं.

ते त्यानं पाठवलं. उरणवाल्यानं या येळी लिहून पाठवलं, दादा बघतो. मंग काय आलं न्हाय. सुनेनं एकदा फोन केला, तो चांगला बोलला, तब्येत इचारली, गाण्याचं काय बोलला न्हाय. वाईट माणूस न्हाय. त्याचं पण पोट गाण्यावर हाय, चुकलेला सूर तो कुणाला ऐकवणार? नंतर त्याचं नवं गाणं आलं, तर त्यात दुसऱ्याच कुणाची गिटार व्हती. सून घरात ते लावत न्हाय. लावलं तरी काय फरक पडणार व्हता, पण लावत न्हाय.

आता तो एकाच्या गाळ्यात जाळी दुरुस्त करायला जातो. हात चांगला हाय, गाठ पक्की बसते. तिथं कोण कुणाशी बोलत न्हाय, रेडिओ चालू असतो. त्याला बरं पडतं बोलतो. बरं पडतं हे खरं की खोटं ते मी इचारत न्हाय.

अँप इकायचा म्हणून सुनेनं मोबाईलवर फोटो टाकला. एक जण येऊन बघून गेला, घरात वाजवायला कडक हाय बोलला. पार्टीवाल्यांना तो लहान पडतो. म्हणून तो हाय तिथंच हाय.

कंदीतरी, जाळ्यांचं काम नसलं की, तो गिटार काढतो. ठिपक्याकडं बघत न्हाय. ट्रेबल पुरा फिरवतो, जसा टेंपोवर फिरवायचा, आणि वाजवतो. पहिल्यासारखा चेहरा होत न्हाय. मागच्या पावसाच्या आधी त्याला तो आवाज येत व्हता, आता किती येतो ते मला कळत न्हाय. सूर खाली राहतात. मी मान हलवत न्हाय. भिंतीपलीकडची बाई पण आता काय बोलत न्हाय, दार लावून घेते.

परवा दुपारी वाजवून झालं. गिटार त्यानं खिळ्याला टांगली, हात धुतले, पाटावर बसला. सुनेनं बोंबलाचं कालवण वाढलं. अँप चालूच राहिला व्हता. त्याच्यातनं बारीक आवाज येत व्हता, सूं सूं सूं, गॅस गळावा तसा, दातांत जाणारा. सुनेनं माज्याकडं बघितलं. मी सुनेकडं बघितलं. त्याची पाठ व्हती अँपकडं, आणि तो अगदी शेजारी बसला व्हता. आणखी भात मागितला त्यानं.

मी उठले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बटन बंद केलं. खोली एकदम रिकामी झाली.

तो बोंबलाचा काटा काढत व्हता.